पेरूच्या वासाची बिअर

पुण्यातल्या आमच्या मायक्रोब्रुअरीत कुणी पहिल्यांदा आलं की मी आधी हेफेवायझनचा छोटा ग्लास समोर ठेवतो. ही गव्हाची, गढूळ, जर्मन धाटणीची बिअर. ग्लास नाकाशी नेला की पिकल्या केळ्याचा वास येतो आणि हमखास प्रश्न येतो : यात केळं घातलंय का? घातलेलं नसतं. तो वास आयसोअ‍ॅमिल अ‍ॅसिटेट या एस्टरचा. पिकल्या केळ्यात तेच असतं आणि इथे ते यीस्ट तयार करतं. मी बोदवडचा. आमच्या बाजूला केळी नाही. कपाशी, ज्वारी, तूर आणि पाण्याची कायमची ओढाताण. पण तापीकाठची रावेर-यावलची केळी आमच्या नाकाला परकी नाही. या धंद्यात आलो तेव्हा एस्टर म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

शिकाऊ मुलांना पहिल्या दिवशी आम्ही पाठ्यपुस्तकातलंच सांगतो. एलचं यीस्ट १८ ते २२ अंशांना काम करतं, वर तरंगतं आणि फळांसारखे वास देतं. लागरचं यीस्ट ८ ते १२ अंशांना सावकाश काम करतं, तळाशी बसतं, आणि पुढे काही आठवडे शून्याच्या आसपास विसावून स्वच्छ, नितळ बिअर देतं. जगातली सगळी बिअर या दोन घराण्यांत वाटली जाते. पहिल्या दिवसापुरतं हे ठीक आहे. पण टँकजवळ उभं राहिलं की यातलं एकेक विधान गळून पडू लागतं.

'वर' आणि 'तळाशी' हेच घ्या. बिअर उघड्या हौदांत आंबवत तेव्हा एलचं यीस्ट फेसाबरोबर वर येई आणि ते वरून काढून घेत. आता बहुतेक ठिकाणी निमुळत्या बुडाचे उंच, बंद टँक आहेत. त्यांत काम संपल्यावर दोन्ही यीस्ट बुडाशीच बसतात आणि खालच्याच व्हॉल्व्हमधून काढली जातात. तापमानाचं पाहावं, तर जर्मनीतल्या कोलोन शहराची क्योल्श एलच्या यीस्टची असून थंडीत मुरवतात, म्हणून ती लागरसारखी कोरडी आणि नितळ लागते. उलट सॅन फ्रान्सिस्कोची स्टीम बिअर लागरच्या यीस्टची, पण आंबवतात एलच्या तापमानाला. ती परंपरा जपणारी अँकर ब्रुअरी २०२३ मध्ये बंद पडली, याचं मला अजून वाईट वाटतं.

मग उरतं यीस्टचं कूळ. १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी लागरचं यीस्ट एकाच पेशीपासून शुद्ध स्वरूपात वाढवलं. आज आपण ज्याला सॅकरोमायसिस पास्टोरियानस म्हणतो, ते मूळचं एक वाण नव्हेच, तो संकर आहे. त्याचं एक पालक म्हणजे एलचं यीस्ट, सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. दुसरं पालक कोण, हे २०११ पर्यंत ठाऊक नव्हतं. त्या वर्षी दक्षिण अमेरिकेतल्या पॅटागोनियाच्या जंगलात, बीचच्या जातीच्या झाडांवरच्या गाठींत ते सापडलं : सॅकरोमायसिस युबायानस, थंडी सोसणारं रानटी यीस्ट. पुढे ते तिबेटात आणि आयर्लंडमध्येही मिळालं.  संकरित कपाशी पेरणाऱ्या शेतकऱ्याला कळतं तसंच हे आहे : आई एका गुणाची, बाप दुसऱ्या गुणाचा आणि पोटी तिसरंच पीक. म्हणजे लागर हे एलपेक्षा वेगळं घराणं नाही. त्याच्या अंगात निम्मं रक्त एलचंच आहे.

दोघांना ओळखण्याची एक जुनी कसोटी मात्र टिकून आहे. मेलिबायोज नावाची साखर लागरचं यीस्ट आंबवतं, एलचं नाही. पण ही कसोटी प्रयोगशाळेची, ग्लासात ती उपयोगाची नाही. यीस्टच्या व्यापारी वाणांचे जनुक वाचले गेले तेव्हा पिल्सनर लागरचं म्हणून वर्षानुवर्षं विकलेलं एक वाण एलचं निघालं आणि एलचं म्हणून विकलेलं एक लागरचं. त्यांच्यावर बनलेल्या बिअर तोवर लोकांनी आवडीनं प्यायल्या होत्या. मला यातून एवढंच दिसतं की चवीवर ब्रुअरच्या हाताचा हक्क कुळापेक्षा मोठा आहे.

हे सगळं ऐरणीवर आणलं ते हॉप्सनी. हॉप्स ही वेलीची शंकूसारखी फुलं. वर्टमध्ये, म्हणजे माल्टच्या गोड काढ्यात, उकळली की त्यांतल्या अल्फा आम्लांची रचना बदलते आणि कडूपणा उतरतो. आंबवणी उरकत आल्यावर किंवा नंतर, थंड बिअरमध्ये टाकली तर कडूपणा फारसा वाढत नाही, फक्त तेलं आणि वास उतरतात. याला आम्ही ड्राय हॉपिंग म्हणतो. अमेरिकेत १९७२ मध्ये कॅस्केड हे वाण आलं. १९७५ च्या लिबर्टी एलमध्ये आणि १९८० च्या सिएरा नेव्हाडा पेल एलमध्ये त्याचा ग्रेपफ्रूटसारखा वास लोकांना भावला. पुढे व्हरमाँटची हेडी टॉपर आली आणि तिच्या मागोमाग गढूळ, मऊ, रसाळ आयपीएंची, म्हणजे सढळ हॉप्सच्या इंडिया पेल एलची, लाट. सिट्रा, मोझॅक, नेल्सन सोव्हिन ही नवी वाणं आली. यांतल्या काहींत गंधकयुक्त थायोल असतात आणि त्यांतल्या एकाचा वास थेट पिकल्या पेरूचा. तोच रेणू पेरूतही असतो. अमेरिकी ब्रुअरला तो दूरदेशीचा वाटतो; आपल्याकडे तो हिवाळ्याच्या बाजारात हातगाडीवर असतो.

या हॉप्सची सगळी मौज एलच्या वाट्याला गेली होती. लागरवाले बोहेमियाच्या साट्झ हॉप्सचा सौम्य, गवताळ दरवळ सांभाळून होते. १९९६ मध्ये इटलीच्या बिरिफिचो इतालियानो या छोट्या ब्रुअरीनं टिपोपिल्स ही ड्राय हॉप केलेली पिल्सनर काढली आणि तिथून वाट फुटली. २०१८ मध्ये ऑरेगॉनच्या पोर्टलंडमध्ये वेफाइंडर ब्रुअरीच्या केव्हिन डेव्ही यांनी कोल्ड आयपीए आणली. माल्टमध्ये तांदूळ किंवा मका घालून अंग हलकं करायचं, लागरचं यीस्ट त्याच्या सवयीपेक्षा उबदार, म्हणजे साधारण १८ अंशांना चालवायचं, आणि वर हॉप्स एखाद्या आयपीएइतके सढळ. ही एल की लागर? यीस्ट पाहिलं तर लागर, तापमान पाहिलं तर एल, नावात आयपीए.

माझं ठाम मत आहे की आपल्या हवेला या सगळ्यांत कोल्ड आयपीएच सर्वांत जवळची. जळगाव-भुसावळचा पारा उन्हाळ्यात ४५ च्या पुढे जातो. त्या दिवसांत गोडसर, जड, गढूळ आयपीएचा अर्धा ग्लास पुरे होतो. कोल्ड आयपीए कोरडी संपते, जीभ मोकळी ठेवते आणि पेरूचा वास मागे राहतो. शिवाय खर्चाचा हिशेब आहे. अस्सल लागरला टँक कित्येक आठवडे अडकून पडतो आणि चिलरची वीज चालूच राहते. २००९ मध्ये पुण्यात डूलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली. तिच्यानंतर आलेल्या मायक्रोब्रुअरींच्या फळ्यांवर गव्हाच्या एल जास्त दिसतात, त्यामागे चवीइतकाच हा हिशेब आहे.

अमेरिकी पाककृतीत जिथे तांदूळ आहे तिथे मी ज्वारी घालतो, खानदेशची दादर. ती काम वाढवते. ज्वारीचा स्टार्च बार्लीच्या मॅशच्या तापमानाला नीट फुगत नाही, म्हणून ती वेगळी शिजवून मगच मॅशमध्ये घ्यावी लागते. बिबड्यांसाठी ज्वारी भिजवून आंबवणाऱ्या आमच्याकडच्या बायकांना ज्वारीची ही हट्टी जात पुरती ठाऊक आहे. कोंड्याचा कडवटपणा उतरू नये म्हणून मी कांडून कोंडा काढलेली ज्वारी घेतो. तिनं बिअरला जो कोरडा, किंचित दाणेदार शेवट येतो तो मला तांदळानं कधी मिळाला नाही.

हॉप्स मात्र आपल्या शेतात सहज येणार नाहीत. वेलीला फुलण्याआधी पुरतं वाढण्यासाठी उन्हाळ्याचे लांब दिवस लागतात आणि बोदवड २१ अक्षांशाच्याही खाली आहे. भारतात ते हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात घेतले गेले. नवी सुगंधी वाणं परदेशातूनच, गोळ्यांच्या रूपात, हवाबंद पाकिटांतून येतात. पाकीट उघडल्यावरचा प्रत्येक उबदार तास वास खातो.

सढळ ड्राय हॉपिंगचा आणखी एक धोका आहे. हॉप्समध्ये स्वतःची विकरं असतात. आंबवणीत उरलेले डेक्स्ट्रिन ती तोडतात, त्यांची साखर होते, यीस्ट पुन्हा जागं होतं आणि जाता जाता डायअ‍ॅसिटिल सोडतं, म्हणजे लोण्याचा वास. लागरसारख्या स्वच्छ बिअरमध्ये तो लपत नाही. म्हणून हॉप्स टाकल्यावर टँक लगेच थंड करायचा नाही. नमुना ६० अंशांपर्यंत तापवून, निववून हुंगायचा आणि लोणी पूर्ण गेल्यावरच गारवा द्यायचा. घाई केली तर पेरूवर लोण्याचा थर बसतो.

दारूनं मोडलेली घरं मी बोदवडच्या परिसरात लहानपणापासून पाहिली आहेत. आपल्याकडे बिअर म्हणजे बहुतेकांना ७-८ टक्क्यांची स्ट्राँग लागर, कमी पैशांत जास्त नशा देणारी. मी ५ टक्क्यांच्या आसपास थांबतो आणि मेहनत वासावर खर्च करतो. एका ग्लासात माणसाचं समाधान व्हावं, हा त्यातला हेतू आहे.

गेल्या हिवाळ्यात मी एकच वर्ट दोन टँकांत विभागलं. एकात क्योल्शचं यीस्ट थंड चालवलं, दुसऱ्यात लागरचं यीस्ट उबदार. हॉप्स तेच, वजन तेच. दोन्ही नावाशिवाय टॅपवर लावल्या आणि नेहमीच्या मंडळींना ओळखायला सांगितलं. बहुतेकांनी क्योल्शच्या यीस्टच्या बिअरला लागर म्हटलं. तेव्हापासून आमच्या फळ्यावर एल-लागर सर्वांत खाली, लहान अक्षरांत असतं. वर असतात हॉप्सची नावं, कडूपणा किती, आणि ड्राय हॉपिंग कोणत्या तारखेला केलं ते. ती तारीख वाचून ग्लास मागणारे लोक आता वाढले आहेत.