अण्णांचे दोन कागद

हाती कुलमुखत्यारपत्र आले, की माणसाची चाल बदलते. माझी बदलली होती. मेहकरला दुय्यम निबंधकांच्या कचेरीत अण्णांनी तो कागद नोंदवून दिला, त्या दिवसापासून मी त्यांचे सोयाबीन विकू लागलो, बँकेत त्यांच्या वतीने सह्या करू लागलो आणि, खोटे कशाला सांगू, घरचा कर्ता म्हणून थोडा मिरवूही लागलो.

त्याच दिवशी अण्णांनी दुसराही कागद नोंदवला होता. राहते घर आणि काही ठेवी त्यांनी आमच्या बेबीसाठी खासगी न्यास करून विश्वस्तांच्या स्वाधीन केल्या. बेबी माझी धाकटी बहीण. वय पन्नाशीचे, समज पाच वर्षांच्या मुलीची. विश्वस्त दोघे, मी आणि मामा. त्या कागदाकडे मी फारसे पाहिलेच नाही.

दोन वर्षांनी अण्णा अंथरुणाला खिळले. इकडे माझ्या मुलाच्या कॉलेजच्या फीची निकड होती. घर गहाण टाकावे असे मनात आले. कुलमुखत्यारपत्र घेऊन मी वकिलांकडे गेलो.

"भाऊसाहेब," ते म्हणाले, "हा कागद म्हणजे अण्णांचा हात. अण्णांना जे करता येते तेवढेच याने करता येईल. घर आता त्यांचे कुठे आहे?"

"मग विश्वस्त म्हणून सही करतो."

"न्यासाचा कायदा १८८२ सालचा. विश्वस्ताला त्या मालमत्तेतून स्वतःचा फायदा करून घेता येत नाही."

मी खाली मान घालून परतलो. फीसाठी शेवटी कर्ज काढले.

पुढे अण्णा गेले. तिसऱ्या दिवशी खर्चासाठी मी तोच कागद घेऊन बँकेत निघालो, तर मामांनी दारातच अडवले. "अरे, देणारा गेला की मुखत्यारी संपली. १८७२ च्या करार कायद्यात तसे लिहिलेच आहे. देणाऱ्याला वेड लागले तरी ती संपते." शेताला व खात्याला वारसांचे सोपस्कार करावे लागले. बेबीच्या घराला मात्र काहीच करावे लागले नाही.

आमच्याच जिल्ह्यात शेगावला गजानन महाराजांच्या हयातीत, १९०८ साली, संस्थान स्थापन झाले. १९१० साली महाराजांनी समाधी घेतली. कारभार आजही चालू आहे. तो सार्वजनिक न्यास, आमचा घरगुती. पण माणूस गेला तरी व्यवस्था राहते, हे दोन्हीकडे सारखेच.

अण्णांचा माझ्यावर विश्वास नव्हता काय? होता, म्हणून तर मला विश्वस्त केले. पण मुलाच्या फीची वेळ आली की बापाची बुद्धी कशी फिरते, हे तेही बापच असल्यामुळे जाणून होते.