दोर माझ्या हाती होता

भाद्रपद लागला की माझी एक तक्रार ठरलेली असे, आणि ती ऐकून घेणारेही दरवर्षी भेटत. तान्हा पोळा बिघडला, ही ती तक्रार. ज्या पोरांनी बैलाच्या वशिंडावर कधी हात ठेवला नाही, गोठ्याजवळून जाताना जी नाक दाबतात, ती प्लायवूडचे नंदी ओढत निघतात. त्यांवर लुकलुकत्या दिव्यांच्या माळा, मग वेशभूषा स्पर्धा, बक्षिसं, फोटो. आमचा पोळा खरा होता, कारण आमच्या गोठ्यात बैल होते. नागपुरात राहायला आल्यापासून मी हे इतक्यांदा बोललो आहे की त्या बोलण्याला कीर्तनासारखी चाल आली होती. उत्तररंगात माझ्या सागवानी नंदीचं वर्णन येई आणि समोरचा "वा!" म्हणे.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. पिठोरी अमावस्येला मोठा पोळा, बैलांचा. दुसऱ्या दिवशी प्रतिपदेला तान्हा पोळा, पोरांचा. त्या दिवशी लाकडाचे नंदी सजवायचे, आखरावर, म्हणजे गावच्या मोकळ्या जागेवर, तोरणाखाली रांगेत उभे करायचे आणि मग दोर धरून घरोघरी न्यायचे. घरातली बाई नंदीला कुंकू लावते, ओवाळते आणि पोरांच्या हाती खाऊ नाहीतर पैसे ठेवते. त्याला बोजारा म्हणतात. नागपुरात याच दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते, त्यामुळे बाहेरची वर्तमानपत्रं तिकडेच पाहतात. वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेचे भलेमोठे नंदी कधीतरी बातमीत येतात. आमच्या तिरोडा तालुक्यातला पोळा कुणाच्या बातमीत येत नाही, आणि त्याचं आम्हाला काही वाटतही नाही.

माझं गाव बोदलकसा. आता लोक तलाव बघायला येतात, हिवाळ्यात पक्षी बघायला येतात, नागझिऱ्याच्या जंगलात जाता-येता थांबतात. इंग्रजांच्या काळात डोंगरांच्या मध्ये पाळ घालून पाणी अडवलं, ते आजही नहरानं धानाच्या बांध्यांत जातं. आम्हाला तलाव म्हणजे सौंदर्य वगैरे नव्हतं. तो भरला की रोवणा, म्हणजे धानाची लावणी, होणार, आणि रोवणा आटोपला की पोळा येणार, एवढाच त्याचा अर्थ होता.

खेळण्यांची चंगळ नव्हती. सुकडी-डाकरामच्या यात्रेतून आणलेली पत्र्याची पिपाणी दोन दिवसांत मुकी होई. सायकलच्या टायरला काडी लावून पळवणं बारमाही. पण नंदी वेगळा. तो वर्षभर फडताळावर बसून असे आणि एका दिवसासाठी खाली येई. माझा नंदी सागवानाचा होता. पाय पाटात खाचा पाडून बसवलेले, शिंगं वेगळी करून ठोकलेली, पाटाखाली दोन आस आणि चार चाकं. गळ्यात पितळेची घाटी. आजोबांनी तो गावातल्या सुताराकडून माझ्या जन्माच्या वर्षी करून घेतला होता. इतर पोरांचे नंदी सावरीच्या नाहीतर आंब्याच्या लाकडाचे, हलके, बुटके. काहींचे मातीचे, ते ओढायचेच नव्हते, पाटावर ठेवून न्यायचे. गोंदियाच्या पलीकडे छत्तीसगडात पोळ्याला मुलांना मातीचे बैल आणि मुलींना मातीची भातुकली देतात, तसलेच. रांगेत माझा नंदी सगळ्यांत उंच दिसे. हे वाक्य मी कधीही वगळलेलं नाही.

एक गोष्ट मात्र लहानपणीही मला खटकत असे. आमच्याकडे चिखलणीचं जिवावरचं काम कितीतरी घरी हेल्यांची, म्हणजे रेड्यांची, जोडी करते. गुडघाभर चिखलात बैल थकतो, हेला थकत नाही. तरी लाकडाचा हेला कुणी केलेला मी पाहिला नाही. पूजा नंदीची आणि चिखल हेल्याला. पुढे मुंबईच्या संग्रहालयात दायमाबादची कांस्यशिल्पं पाहिली तेव्हा ही जुनी शंका पुन्हा वर आली. नगर जिल्ह्यात प्रवरेकाठी १९७४ साली झाडाचं खोड खणताना ती सापडली. चार नगांचं वजन साठ किलोंच्या वर. बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. जवळजवळ चार हजार वर्षांपूर्वी कुणीतरी रेड्याखालीही चाकं बसवली होती. एवढ्या वजनाची वस्तू पोरांच्या खेळण्यातली नसणार, पण चाकावरचं जनावर दोरानं ओढायची हौस आपल्या मुलखात किती जुनी आहे, ते तिथे दिसतं. तिथेही मी बरोबरच्यांना माझ्या नंदीबद्दल सांगितलं. संधी मी सोडत नसे.

मन बदललं ते बोदलकशातच, काही वर्षांपूर्वी, पोळ्याला गावी गेलो तेव्हा. आमच्या गोठ्यात आता ट्रॅक्टर उभा असतो. पुतण्याचा मुलगा प्लायवूडचा नंदी घेऊन आखराकडे निघाला होता. यंत्रानं कापलेला, चपटा, दोन्ही बाजूंनी भडक निळा रंगवलेला. मी त्याला म्हटलं, "अरे, हा बैल आहे की पापड?" तो हसला नाही. शेजारी माझा बालपणीचा सवंगडी उभा होता, त्याच सुताराचा मुलगा. तिरोड्याला त्याचं फर्निचरचं काम आहे, आणि श्रावणात तो हे चपटे नंदी कापतो, हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर पापड म्हटलं नसतं. निदान त्याच्यासमोर नसतं म्हटलं.

पोरं रांगेत लागली. मी माझी जुनी चाल सुरू केली: आपल्या वेळी कसं होतं, आपण दोघं सगळ्यांच्या पुढे कसे असायचो. बोलता बोलता त्याला विचारलं, "तुझा तो लाल शिंगांचा नंदी? आहे का अजून?"

"कोनता नंदी?"

"तुझा. माझ्या नंदीच्या बाजूला लागायचा तो."

त्यानं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. राग नव्हता, थट्टाही नव्हती. एखाद्यानं आपलं नाव चुकवावं आणि आपण ते दुरुस्त करावं, तेवढ्याच सहजपणे तो म्हणाला, "माहा नंदी कधी होता गा? दोर तुह्या हाती होता. मी मांगून ढकलत होतो."

मी म्हटलं, "असं कसं? तुझ्या घरी तर सगळ्या गावाचे नंदी होत."

"बाबा करत होता, इकत होता. घरी ठेवाले कोन करते?"

आणि तो पोरांकडे वळला, कारण एका नंदीचं चाक निखळलं होतं आणि ते त्याचंच काम होतं.

मी तिथे उभा राहून त्या लाल शिंगांच्या नंदीला शोधत होतो. तो मला अगदी स्पष्ट दिसत असे. त्याचा डावा कान तुटका होता, हेही मी लोकांना सांगत असे. मग एकेक आठवत गेलं, आणि आठवलेलं सुखाचं नव्हतं. सागवानाचा नंदी जड होता. आखरापासून वरच्या मोहल्ल्याकडे थोडा चढ आहे, पावसात तिथे चिखल होई, चाकं रुतत. माझ्याच्यानं तो एकट्यानं ओढला जात नसे. मागून पाटाला दोन हात लावलेले, वाकलेला, चिखलानं भरलेला पोरगा होता खरा. नंदीकडे पाठ असल्यानं मी मागे बघत नव्हतो, म्हणून तो माझ्या चित्रात मागे नव्हता. पुढे कधीतरी मी त्याला उचलून बाजूला आणलं आणि त्याच्या हातात एक नंदी दिला. तुटक्या कानासकट. दर दारात बोजारा पडे तो माझ्या ताटात. त्यातलं त्याला किती दिलं, ते आठवत नाही. इतकं सगळं आठवणाऱ्याला एवढंच आठवत नाही, म्हणजे दिलं नसावं.

मला स्वतःची लाज वाटली ती लहानपणच्या त्या पोराबद्दल नाही. सहा-सात वर्षांचं पोर दोर धरणारच. लाज वाटली नंतरच्या माणसाची. त्यानं सवंगड्याला नंदी देऊन टाकला तो प्रेमानं नव्हे, स्वतःचं चित्र नीट दिसावं म्हणून. "आमचा पोळा" म्हणताना त्या "आम"मध्ये कोण होतं, ते मी एकदाही मोजलं नव्हतं. ज्यांच्या गोठ्यात जोडी होती आणि ज्यांच्या आजोबाला सागवान परवडत होतं, त्यांचा तो पोळा. मोठ्या पोळ्यातही मानाची जोडी तोरणाखाली पुढे असे आणि मजुरी करणारे बघ्यांत उभे असत. धाकट्यांनी थोरल्यांचीच रांग लावली होती. मला हुरहूर वाटे ती खेळण्याची, असं मी समजत होतो. निम्मी हुरहूर सगळ्यांत उंच असण्याची होती.

आणखी एक विचार त्याच दुपारी आला, आणि तो आधी का आला नाही याचं उत्तर माझ्याकडे नाही. तान्हा पोळा नागपूरच्या दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी सुरू केला असं आमच्याकडे सांगतात. १७८८ ते १८१६ ही त्यांची कारकीर्द. लहान मुलांना खरा बैल धरता येत नाही, त्यांनाही बैलाची ओळख व्हावी, म्हणून लाकडाचे बैल. ही गोष्ट मी स्वतः लोकांना सांगत असे, आणि लगेच पुढच्या वाक्यात म्हणत असे की ज्यांच्या घरी बैल नाही त्यांनी नंदी ओढण्यात काय अर्थ आहे. अहो, पण लाकडाचा बैल मुळात बैल न धरू शकणाऱ्यासाठीच केलेला! ज्या घरात जोडी आहे त्या घरच्या मुलाला दोर आज ना उद्या मिळणारच होता. गोठ्यात ट्रॅक्टर असलेला माझा नातू आणि गोठाच नसलेलं शेजारचं पोर, दोघांचा त्या नंदीवर माझ्याइतकाच हक्क आहे, कदाचित जास्तच.

चाक बसवून तो परत आला तेव्हा मी त्याला प्लायवूडबद्दल विचारलं. त्यानं कारागिराचा हिशेब सांगितला. सागवान परवडत नाही, कोरून केलेल्या एका नंदीला दिवसच्या दिवस जातात. प्लायवूडच्या एका शीटमधून यंत्रानं कितीतरी निघतात, म्हणून भाव उतरतो, म्हणून रोजीवर जाणारी बाईही पोरासाठी घेते. त्या दिवशी आखरावर मी आधी रंग पाहिले होते, आता पोरं पाहिली. रांगेच्या बाहेर रिकाम्या हातानं उभं असलेलं पोर शोधावं लागत होतं. मुलीही होत्या, दोर धरून. आमच्या वेळी माझी बहीण ओवाळायच्या ताटापाशी असे. तिला कधी दोर हवा होता का, हे मी तिला अजून विचारलेलं नाही. फोनवर दोनदा विषय काढून बदलला.

सागवानी नंदी नागपूरच्या माझ्या घरी काचेच्या कपाटात आहे. निघताना मी सवंगड्याला म्हटलं, तुझ्या बापाच्या हातचा आहे, तू घेऊन जा. हे मी मोठ्या मनानं म्हटलं, आणि त्यानं भारावून जावं अशी माझी अपेक्षाही होती. तो म्हणाला, "कायले? लय भारी हाय तो. पोट्ट्यायच्यानं वढला जात नाही." मग त्यानं सुचवलं की पाट बदलून खाली बेअरिंगची चाकं बसवली तर चालेल, पण जुना पाट काढावा लागेल, आणि खाचांत पाय पक्के बसले आहेत, एखादा तुटेल.

मी अजून नंदी त्याच्याकडे नेलेला नाही. पाय तुटेल याची भीती आहे, असं मी घरी सांगतो. आणि खरं सांगायचं तर तो निळा रंग मला आजही आवडत नाही.