त्यांचं देणं लागते

एचआयव्हीच्या गोळ्या देणाऱ्या एआरटी सेंटरच्या समुपदेशक ताई भारी चिकट. गोळ्या मोजायच्या, वजन विचारायचं आणि मी उठले की पुन्हा तेच, "पिशवीच्या तोंडाची तपासणी केलीस का गं?"

मला अंगावरून पांढरं जात नव्हतं, दुखत नव्हतं. नवरा एचआयव्हीनं गेला, मी मात्र गोळ्यांवर ठणठणीत. मग कशाला त्या टेबलावर चढायचं?

ताई ऐकून घ्यायच्या आणि समजावायच्या. एचपीव्ही हा विषाणू बहुतेक बायकांना कधीतरी होतोच, दोनेक वर्षांत अंगच त्याला घालवून देतं. एचआयव्ही असेल तर तो ठाण मांडून बसतो आणि आतल्या पेशी गुपचूप बिघडत जातात. गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचा धोका आपल्याला सहापट. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये सांगितलं, की इतर बायकांची तपासणी तिशीपासून, आपली पंचविशीपासून.

शेवटी गेले. काडीनं नमुना घेतला, त्यात एचपीव्ही निघाला. मग व्हिनेगर लावून पाहिलं तर मिनिटभरात पांढरा डाग उठला. तुकडा तपासला. कॅन्सर नव्हता, त्याच्या आधीची पायरी होती. एका खासगी डॉक्टरांनी लगेच सांगितलं, पिशवीच काढून टाका. आमच्याकडे हा सल्ला फार स्वस्त आहे. ताई भडकल्या. स्वतः मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेल्या. तिथे जागा बधिर करून तारेच्या लूपनं बिघडलेला तेवढाच भाग काढला. संध्याकाळी मी घरी भाकरी थापत होते. (थापायला नको होती, ताईंनी त्यावरूनही झापलं.)

या काडीची गोष्टही ताईंनीच सांगितली. त्यांच्या आई मूळच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या. २००० च्या सुमारास बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलची माणसं तिथल्या गावोगाव फिरली. १,३१,७४६ बायकांचे चार गट पाडले. एका गटाची एचपीव्ही चाचणी, एकाची पॅप, एकाची व्हिनेगरची आणि एका गटाची काहीच नाही. २००९ मध्ये निकाल छापून आला. एचपीव्हीच्या गटात या कॅन्सरनं ३४ जणी गेल्या, तपासणी न झालेल्या गटात ६४. या काडीची किंमत जगाला कळली ती या हिशेबातून.

ताईंच्या आई काडीच्या गटात होत्या, त्यांचा रिपोर्ट चांगला आला. त्या ६४ जणींपैकी एकीचंही नाव मला ठाऊक नाही. त्यांचीही तपासणी व्हायला हवी होती, असं मला राहून राहून वाटतं. आणि तशी ती झाली असती, तर माझ्यापर्यंत ही काडी इतक्या खात्रीनं पोचली असती का, हेही कळत नाही. असलं देणं डोक्यावर घेताना जीव कचरतो.

ताईंना एकदा म्हटलं, तुमचे उपकार कसे फेडू? त्या रजिस्टरमध्ये मान घालूनच होत्या.

"एचआयव्हीत हे पुन्हा उलटतं. माझं राहू दे, तू पुढच्या तपासणीची तारीख घे."