पाण्यात न उतरलेली होडी

नाईल नदीच्या काठी, पहिल्या राजवंशांच्या उदयकाळी, म्हणजे सुमारे ५००० वर्षांपूर्वी, कारागीर हस्तिदंताच्या लहानशा होड्या कोरीत. अशी होडी पाण्यात कधीच उतरावयाची नसे. मृताच्या सोबतीस ती कबरीत जाई, अथवा देवापुढे वाहिली जाई. ज्या लव्हाळ्याच्या होड्यांनी माणसे खरोखर पैलतीरी नेली, त्या कुजून गेल्या. आणि जिने एकही उतारू नेला नाही, ती पदार्थसंग्रहालयाच्या कपाटात सुखरूप बसली आहे. झिजणाऱ्याने नाहीसे व्हावे आणि मिरविणाऱ्याने उरावे, हाच का काळाचा न्याय?

आम्हां नाशिककरांस ह्या प्रश्नाचा विचार करण्यासाठी फार दूर जावयास नको. पांडवलेण्यांपैकी दहाव्या लेण्याच्या ओसरीत, मागल्या भिंतीवर, उषवदाताचा लेख आहे. हा दीनिकाचा पुत्र आणि क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई. गाई, गावे, सुवर्ण ह्यांच्या दानांची मोठी यादी त्यात आहेच. पण तिच्या मध्येच एक साधी गोष्ट येते. इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका ह्या सहा नद्यांवर त्याने नावा ठेवून लोकांस उतार फुकट करून दिला, आणि दोन्ही तीरांवर विसाव्याच्या जागा व पाणपोया घातल्या. सह्याद्रीतून पश्चिमेस धावणाऱ्या नद्या पावसाळ्यात कशा फुगतात, हे जो जाणतो त्यास ह्या दानाची किंमत सांगावयास नको.

त्या नावांची एक फळीही आज उरलेली नाही. नहपानाचे राज्यही गेले. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी येथे त्याच्या नाण्यांचा १३,००० हून मोठा साठा सापडला. त्यांपैकी बहुतेकांवर विजयी गौतमीपुत्र सातकर्णीने आपली मुद्रा उमटविलेली आहे. सासऱ्याच्या मुखावर घाव बसला. जावयाच्या नावांची ओळ मात्र दगडात तशीच राहिली.

तथापि त्या ओळीचे आम्हांस निखळ समाधान वाटत नाही. दात्याचे नाव तीत आहे, नद्यांची नावे आहेत. पण ऐन पुरात वल्हे मारणाऱ्या एकाही नावाड्याचे नाव नाही. हस्तिदंत काय, पाषाण काय, दोघेही श्रमणाऱ्यास विसरतात. तरी लेखाने एवढे केले की, कोणी तरी पलीकडे जाऊ इच्छीत होते आणि त्यांच्याजवळ भाड्याचा पैसा नव्हता, हे सांगून ठेविले. कपाटातील सुंदर होडी एवढेही सांगत नाही.

मुलाबाळांस लेणी दाखवावयास नेताना आपण खांबांवरील पशू कौतुकाने दाखवितो. त्याच वेळी भिंतीवरील त्या सहा नद्याही दाखवाव्या, आणि ज्यांची नावे कोरली गेली नाहीत त्या नावाड्यांची आठवण द्यावी.