दुपारी उमलणारी मुद्रा

पुण्यातल्या घरामागच्या मातीच्या पट्टीत तिने रानफुलं लावायची ठरवली, तेव्हा पहिला मान मुद्रेला दिला. कुणी हिला पेटारी म्हणतं. आयुर्वेदात ही अतिबला. भेंडी, कापूस, जास्वंदीच्या कुळातली, पण पडीक जागी वाढते म्हणून सगळ्यांच्या लेखी तण!

बी रस्त्याकडेच्या झाडाचंच. वाळलेलं फळ तळहातावर घेतलं तर दातेरी चाक वाटावं: १५-२० चपटे कप्पे गोल रचलेले, प्रत्येकात दोन-तीन बिया. हिरवं फळ ओल्या मातीवर दाबलं की सुबक शिक्का उठतो. नावाचं कोडं तिथेच सुटतं.

पहिल्या खेपेला काहीच रुजलं नाही. बियांचं कवच कठीण, पाणी आत शिरत नाही. पुढच्या वेळी तिने बिया सँडपेपरवर हलक्या हाताने घासल्या, रात्रभर कोमट पाण्यात भिजवल्या आणि जूनच्या पहिल्या पावसावर पेरल्या. आठवड्याभरात कोंब वर आले.

दिवाळीच्या सुमारास झाड तिच्या खांद्याला लागलं. पानं बदामाच्या आकाराची, मखमली. सकाळी पाहावं तर कळ्या घट्ट मिटलेल्या. दुपार कलली की पाच केशरी-पिवळ्या पाकळ्या उघडतात, मधे पुंकेसरांचा झुबका.

फळांवर कपाशीवरचे लाल ढेकूणही आले. तिने फवारणी केली नाही. बिया त्यांनाही पुरतात, मातीलाही.

यंदा कुंपणापलीकडे, शेजारच्या पायरीलगत एक रोप आलंय. शेजारच्या काकूंनी ते उपटलं नाही.