अम्मींचा पासपोर्ट

गेल्या वर्षी अम्मींनी उमऱ्याची इच्छा बोलून दाखवली आणि आम्ही भावंडे कामाला लागलो. बाजारातल्या एजंटने तीन हजार मागितले. आम्ही घरीच ऑनलाइन अर्ज भरला. 36 पानी पासपोर्टची फी 1500 रुपये. साठीच्या पुढील व्यक्तीला नव्या पासपोर्टवर दहा टक्के सूट, म्हणजे 1350.

"एवढे पैसे कुणाला मिळतात?" अम्मींनी विचारले.

प्रश्न रास्त होता. कॅनडासारख्या देशात पासपोर्टचा विभाग करांवर नव्हे, तर अर्जदारांच्या फीवर चालवण्याची पद्धत आहे. आपल्याकडे फी सरकारकडे जमा होते. केंद्रातील बाहेरचे काम एका खासगी कंपनीकडे आहे व तिला कामाप्रमाणे मोबदला मिळतो. निर्णय मात्र सरकारी अधिकाऱ्यांचाच.

केंद्रात तीन टप्पे असतात. 'ए' खिडकीवर कंपनीचे कर्मचारी कागद स्कॅन करतात, फोटो व बोटांचे ठसे घेतात. अम्मींना ओढणीची काळजी होती. डोके झाकलेले चालते. हनुवटीपासून कपाळापर्यंत चेहरा दिसला पाहिजे, एवढेच. ठसे मात्र लवकर उमटेनात. भाकऱ्या थापून, भांडी घासून बोटांच्या रेषा पुसट झाल्या होत्या. तिथल्या मुलीने न कंटाळता चार वेळा बोटे पुसून घेतली.

'बी' खिडकीवरचे अधिकारी कागद तपासतात, 'सी'वर मंजुरी मिळते. आम्ही 'बी'वरच अडलो. आधारवर अम्मींच्या नावापुढे 'बी', शाळेच्या दाखल्यावर 'बेगम'. 'शेख'चे इंग्रजी स्पेलिंगही दोन कागदांवर दोन. हेच आडनाव उर्दूत एकाच तऱ्हेने लिहितात, मराठीतही. इंग्रजीत आले की ज्याच्या हातात पेन, त्याचे स्पेलिंग! अधिकारी शांतपणे म्हणाले, "आधी कागद एकसारखे करून आणा."

परतताना अम्मी गप्प होत्या. घरी आल्यावर म्हणाल्या, "माझंच नाव, आणि मीच ते सिद्ध करायचं?" आम्हाला उत्तर सुचले नाही.

आधार दुरुस्त व्हायला काही आठवडे गेले. दुसऱ्या फेरीत पुन्हा फी द्यावी लागली नाही. मग पोलीस पडताळणी. मोहल्ल्यात या शब्दाचीच धास्ती असते. हवालदार आले, कागद पाहिले, शेजाऱ्यांना दोन प्रश्न विचारले, पाणी पिऊन गेले. कुणाला काही द्यावे लागले नाही. पासपोर्ट पोस्टाने घरी आला. अम्मींनी तो डोळ्यांना लावला आणि कुरआन शरीफ ठेवतात त्या कपाटात ठेवला. अल्हम्दुलिल्लाह, रमजानआधी त्यांचा उमराही झाला.

तरी एक गोष्ट मनातून जात नाही. तो शाळेचा दाखला आमच्यासारख्याच कुणा शिक्षकाने लिहिला होता. नाव विचारले असेल, घाईत कानावर पडले तसे उतरवले असेल. त्या एका ओळीने साठ वर्षांनी एका म्हाताऱ्या बाईला खिडकीवरून परत पाठवले.

यंदा जूनमध्ये पहिलीच्या प्रवेशाला आम्ही घाई केली नाही. जन्मदाखला, आधार, आईवडिलांचे कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. फरक दिसला की पालकांना सांगितले, "आधी हे दुरुस्त करा, मूल लहान आहे तोवर." रांग लांबली, काही जण कुरकुरलेही. त्या मुलांपैकी कुणाला उद्या शिक्षणासाठी, कुणाला नोकरीसाठी, कुणाला हजसाठी जायचे असेल. फी भरणे सोपे आहे. नाव मात्र आधीच नीट लिहिलेले हवे.