गळालेली अक्षरे

कोंबडीला व्हिएतनामी माणूस ‘गा’ म्हणतो. एवढासा शब्द! पण त्याच देशाच्या चिंचोळ्या कमरेत, २०२५ पर्यंत क्वांग बिन्ह प्रांत म्हणून ओळखल्या गेलेल्या मुलखात, लाओसच्या सरहद्दीलगतच्या चुनखडी डोंगरांत राहणारा रुक माणूस तिला ‘रका’ म्हणतो. वाचकांनी हातातली चकली क्षणभर खाली ठेवून हे दोन्ही शब्द मोठ्याने म्हणून पाहावेत. शब्द एकच आहे; एकाने पुढचे अक्षर टाकले, दुसऱ्याने जपले. मूळचा कठीण ‘क’ त्या अक्षराच्या शेजाराने मऊ होत होत ‘ग’ झाला. मग अक्षर गळाले आणि मऊपणा तेवढा मागे राहिला. सासू जावी आणि तिच्या हाताचे वळण सुनेच्या पुरणपोळीत उरावे, तसेच हे!

व्हिएतनामी भाषेच्या सुरांचीही हीच कथा. ओद्रिकूर या फ्रेंच पंडिताने १९५४ साली दाखवून दिले की मुळात या भाषेला सूर नव्हतेच. शब्दांच्या शेवटचे उच्चार झिजले आणि त्यांच्या जागी आवाजाचे चढउतार आले. शब्दाच्या शेवटी गळा चटकन मिटण्याचा तो जुना उच्चार शेजारच्या अरेम बोलीत मात्र टिकला आहे. आठ कोटींवर माणसांच्या भाषेची जुनी दप्तरे अशी मूठभर डोंगरी लोकांच्या तोंडी सांभाळलेली आहेत. रुक, अरेम, साच, मय, मा-लिएंग या साऱ्यांना सरकार एकाच जमातीत मोजते. २०१९ च्या शिरगणतीत ते सगळे मिळून साडेसात हजार भरले. यांतले रुक लोक १९५९ पर्यंत गुहांत राहत होते. सीमेवरच्या शिपायांना ते आढळले आणि मग त्यांना समजावून खाली खोऱ्यात वसवले गेले.

आणि हे लोक आपल्याला तरी कुठे अगदी परके आहेत? रुक तीनला ‘पा’ आणि चारला ‘पोन’ म्हणतो, तर आपल्या मेळघाटातला कोरकू ‘अफई’ आणि ‘उफुन’. व्हिएतनामीत डोळा ‘मत्’, कोरकूत ‘मेद’. एकाच फार जुन्या कुळाची ही दूरदूर पांगलेली लेकरे.

मी पेशाने मास्तर. रुक मुलांना शाळेत व्हिएतनामी शिकवू नये, असे माझ्या तोंडून येणार नाही. दवाखान्याचा कागद, बाजारचा हिशेब, नोकरीचा अर्ज, सारे त्याच भाषेत चालते. पण घरचा शब्द वर्गात बोलून गेलेले पोर, शेजारच्या बाकावर खसखस पिकली की कसे गप्प होते, हे मास्तरइतके कोणाला ठाऊक? त्याला कोणी मारीत नाही, कोणी दटावीतही नाही. दुसऱ्या दिवशी ते आपणहून बाकीच्यांसारखे बोलू लागते आणि आपण त्याच्या पाटीवर शाबासकी लिहितो.

संध्याकाळी आजीने ‘रका’ कोंडायला सांगावे आणि नातवाने ‘गा’ कोंडून यावे. कोंबडी तीच असते, म्हणून घरात कोणी काही बोलत नाही.